डिकीतली वजनं

१

मानकोलीच्या प्रितेशने गाडी घेतली तेव्हा गावात दोन मतं नव्हती. पोराचं डोकं फिरलंय, हे एकच मत होतं. बापाची, बाळारामशेठची, खाडीकडची जमीन गोदामांना गेली होती आणि त्या साली, म्हणजे २००६ मध्ये, जमीन गेलेल्या प्रत्येक घरासमोर पांढरी नवीकोरी जीप उभी राहत होती. प्रितेशने मात्र भिवंडीच्या हाशिमभाईंकडून त्यांची जुनी जपानी कूपे उचलली. हाशिमभाई नैरोबीहून कायमचे परतले तेव्हा ती बोटीने आली होती. दोनच दरवाजे, लांबलचक नाक, आणि बटण दाबलं की बॉनेटमधून बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे दिवे. मागच्या सीटवर कुणाला बसायचं असेल तर त्याने पाय घरी ठेवून यावेत, अशी आतली तऱ्हा.

ती मागच्या चाकांवर चालायची. हल्लीच्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात, हिला मागची ढकलत. वळणावर पाय दाबला की पाठीवर तळहात ठेवून कुणीतरी पुढे लोटतंय असं वाटे, आणि त्या लोटण्यासाठी प्रितेशने उरलेली जमीनही विकली असती. ती बापाच्या नावावर होती म्हणून बरं.

बायको क्षितिजा गणेशपुरीची. सासऱ्यांसमोर ती नवऱ्याला 'अहो' म्हणे आणि गाडीत बसून दार ओढलं की 'अरे'. गाडीवर तिचाही जीव होता, चालवायला ती याच गाडीवर शिकली होती. पण तिने एक अट घातली होती. गाडीने ज्या दिवशी दगा दिला त्या दिवशी ती विकायची, आणि काही बिघडलं तर लपवायचं नाही. प्रितेशने तिच्या गळ्याची शपथ घेतली होती.

श्रावणात गाडी दगा द्यायला निघालीच. अंजूरफाट्याच्या वळणावर ओल्या रस्त्यात तिची शेपूट सुटली, गिरकी घेऊन ती आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. क्षितिजा शेजारी होती. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. लडकू मेकॅनिकने गाडी खालून वरून तपासली आणि सांगितलं की दोष कसलाच नाही, मागून हलकी आहे एवढंच. पावसाळाभर डिकीत वजन टाका, रेतीची गोणी चालेल.

रेती गाडीत सांडली असती. प्रितेशला कामतघरची शेड आठवली.

२

बाळारामशेठचा भिवंडीतल्या कामतघरला यंत्रमागाचा कारखाना होता. मंदीत तो बसला, वीज कापली गेली, मीटरसुद्धा काढून नेला, आणि एकेक करून लूम भंगारात गेले. कोपऱ्यात शेवटचा एक उभा होता. त्याच्यावर ताणा तसाच चढलेला होता, म्हणजे मागच्या जाड बीमवरून पांढऱ्या उभ्या धाग्यांची चादर पुढे आलेली आणि पुढे अर्धवट विणलेलं कोरं कापड. हा ताणा सैल पडू नये म्हणून बीमच्या मागे लोखंडी वजनं टांगलेली असतात. तेलाने काळी, बुटकी, एका हाताने जेमतेम उचलता येणारी. अगदी हवी तशी.

आता कामतघरातलं शेंबडं पोरही तुम्हाला सांगेल की ताणा चढलेल्या लूमचं वजन काढत नाहीत. काढायचंच झालं तर आधी कापड कापायचं, मग वजन. का, ते कुणी विचारत नाही. भरल्या ताटावरून उठू नये, तसंच ते. प्रितेश तर शेडमध्येच रांगलेला, त्याला हे पाठ होतं. पण कात्री हाताशी नव्हती, घाई होती, आणि भंगारात जायच्या लूमचा कसला आलाय मान? त्याने वजनं उतरवली. धागे मरगळून खाली लोंबले. शेवटचं वजन हातात आलं तेव्हा लूमच्या पोटात खट् असं एकदाच वाजलं. जुनं लाकूड आहे, वाजणारच, असं म्हणून त्याने सगळी वजनं डिकीत रचली आणि वर गोणपाट टाकलं.

गाडी रस्त्याला अशी धरून चालू लागली की लडकूला त्याने मुद्दाम पेढे नेऊन दिले.

३

पहिल्यांदा खटकलं ते वाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला. भिवंडी मागे पडली तशी गाडी जड वाटू लागली. चढ नव्हता, गर्दी नव्हती, तरी मागून कुणीतरी पदर धरावा तशी ती रेंगाळे. परत येताना मात्र फुलासारखी हलकी. वजन टाकल्यावर गाडी जड होणारच, असं प्रितेशने स्वतःला समजावलं. मग येताना का होत नाही, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

मग आवाज आला. सीटच्या मागून, खट् आणि थोड्या वेळाने पुन्हा खट्. चाकांच्या गतीशी त्याचा मेळ बसेना. गाडी जोरात असो की हळू, तो आपल्या ठेक्यात. ज्या पोराला पाळण्यात लूमच्या त्याच आवाजाने झोप लागायची, त्याला तो न ओळखायला काय झालं? ओळखला, आणि ओळखला म्हणूनच लडकूकडे गाडी नेऊन शाफ्ट, बेअरिंग, हँडब्रेक सगळं उघडायला लावलं. लडकूला काही सापडलं नाही. मागच्या काचेखाली बोटभर रुई साठली होती, ती त्याने फुंकून टाकली आणि विचारलं की शेठ, गाडीत गादी भरता का?

प्रितेश हसला. घरी मात्र तो यातलं काही बोलला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही उघडली की गाडी जाणार.

दसऱ्याच्या आधी गाडी धुताना त्याला दिसलं की मागची सीट काळी आहे. ती तांबड्या मखमलीची होती. लग्नमंडपातल्या राजाराणीच्या खुर्चीची आठवण येईल अशी भडक तांबडी, आणि क्षितिजा तिला खुर्चीच म्हणायची. आता तिथे साधं काळं रेक्झिन होतं, धड शिवलेलं. उंदराने मखमल कुरतडली असती तर चिंध्या सापडल्या असत्या. त्याने क्षितिजाला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती कपडे वाळत घालत होती, मान न वळवता म्हणाली की सीट काळीच तर आहे, पहिल्यापासून. तू तिला खुर्ची म्हणायचीस ना, असं त्याने म्हटल्यावर तिने मान वळवली आणि त्याला ताप आहे का ते बघितलं.

४

ताप नव्हता. प्रितेशच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. माणसाचं चुकतं, आठवण दगा देते, हे त्यालाही कळत होतं. गाडी घेतली त्या दिवशी आपणच नीट पाहिलं नसेल, दुसऱ्या कुठल्या गाडीची सीट डोक्यात बसली असेल, असं त्याने स्वतःला रोज थोडं थोडं पटवत आणलं. आठवडाभरात जवळजवळ पटलं होतं.

मग मफलरचं झालं. बाळारामशेठना तो कल्याणला डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. शेठच्या गळ्यात उन्हाळा असो, पावसाळा असो, करड्या लोकरीचा पिवळ्या काठाचा मफलर असायचाच. गावात लोक त्यांना दुरून मफलरवरून ओळखत. येताना उकडलं म्हणून त्यांनी तो काढून मागे टाकला. घरी उतरल्यावर प्रितेश मफलर घ्यायला वाकला तर मागे रुईचा एक पुंजका तेवढा होता.

"बाबा, तुमचा मफलर?"

बाळारामशेठ ओट्यावर चपला काढत होते. "कसला मफलर?"

"करडा. पिवळ्या काठाचा. आता मागं टाकलात तो."

"येडा झालास काय रं? मी जल्मात मफलर घातला न्हाय."

ते चेष्टा करणारे गृहस्थ नव्हते. प्रितेश आत गेला. भिंतीवर त्याच्या लग्नाचा फोटो होता. तो काढताना फोटोग्राफरने हात जोडले होते, शेठ, एवढा मफलर काढा, आणि शेठनी काढला नव्हता, आणि त्यावरून सगळा मांडव हसला होता. फोटोत शेठ नव्या सदऱ्यात उभे होते. त्यांचा गळा मोकळा होता.

प्रितेश फोटोसमोर कितीतरी वेळ उभा राहिला. त्याला भीती वाटली, आणि ती वेड लागण्याची नव्हती. वेड लागलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डिकीतली सगळी वजनं अंगणात काढली आणि रिकामी गाडी वाड्याच्या रस्त्याला नेऊन पाहिली. ती तितकीच जड होती. मग गाडी दारात उभी करून त्याने वजनं गोणीत भरली, गोणी स्कूटरवर बांधली आणि घरातली मोठी कात्री खिशात घातली. क्षितिजाने विचारलं तेव्हा टायर बघायला जातो म्हणाला. दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी लागलं असतं, मग सांगायचं काय उरलं असतं?

५

शेडचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत पत्र्याच्या भोकांतून ऊन खाली आलं होतं आणि त्या उन्हात रुई तरंगत होती. बंद शेडमध्ये रुई खाली बसलेली असते. प्रितेश तिथेच थबकला. मग आपल्यामागे वारा आत शिरला असेल असं म्हणून तो पुढे झाला.

ताणा लोंबत नव्हता. एकही वजन नसलेल्या लूमवर धागे तंबोऱ्याच्या तारांसारखे ताठ ओढले गेले होते. त्याने बोट लावलं तर अख्खी चादर गुणगुणली. मागे जाऊन त्याने एक वजन दोराला अडकवलं. दोर हललाही नाही. त्या बीमला आणखी वजनाची गरजच नव्हती, दुसरं काहीतरी तिला ओढून धरून होतं, आणि ते काय ते प्रितेशला न सांगता कळलं. वाड्याच्या रस्त्याला आपली गाडी रोज काय ओढत होती तेही कळलं.

तो पुढच्या बाजूला आला. कापड वाढलं होतं. कोऱ्या पांढऱ्या भागानंतर वीतभर तांबडा पट्टा होता, मखमलीसारखा दाट. त्यानंतर करडा, आणि करड्यात शेवटी पिवळी रेघ. त्याने करड्यावर हात ठेवला. बापाच्या गळ्याचा, तंबाखूचा आणि चंदनाच्या पावडरीचा वास आला. तो लहान होता तेव्हा या वासात तोंड खुपसून झोपायचा, आणि आता त्या वासाचा जगात दुसरा कुणी साक्षीदार नव्हता.

शेडभर धुळीचा थर होता. लूमसमोर, कारीगर उभा राहतो तिथे, दोन पावलांपुरती जागा लख्ख होती. प्रितेश त्या जागेवरच उभा होता. तो बाजूला होणार तेवढ्यात मागची बीम किंचित फिरली.

खट्.

गाडी चालली की लूम चालतो. हे त्याच्या मनात आलं, पण गाडी तर दारात उभी होती. त्याने घरी फोन लावला. बाळारामशेठ म्हणाले की विहीणबाई न्हाणीत पडल्यात, गणेशपुरीहून फोन आला, घरची जीप कामावर गेलीय म्हणून सूनबाई तुझी गाडी घेऊन मघाशीच निघाली.

६

क्षितिजाने फोन लगेच उचलला. वाड्याच्या रस्त्यावरच्या अंबाडी नाक्याला पोहोचली होती, गाडी बाजूला घेऊन बोलत होती. आवाजात आईची काळजी होती आणि राग होता.

"अरे, ही पुढं जातच न्हाय. मागून कोण धरल्यावानी करते. कधीपासून हाय हे?"

प्रितेशला खोटं बोलता आलं असतं. "श्रावणापासून," तो म्हणाला.

ती गप्प झाली. त्या गप्प बसण्याची त्याला महिनोन्‌महिने भीती वाटत आली होती, आणि आता ती भीती किती लहान होती ते त्याला दिसलं. समोर धोटा, तो आडवा धागा घेऊन जाणारा लाकडी मासा, या टोकाकडून त्या टोकाला गेला. करड्याच्या पुढे हिरवा धागा पडला. मग दुसरा.

"क्षितिजा, तुझी हिरवी ओढणी कुठं हाय?"

"कसली ओढणी? या ड्रेसला ओढणी न्हाय."

ती त्याने स्वतः कल्याणहून आणली होती. त्याने इंजिन बंद करायला सांगितलं. तिने चावी फिरवल्याचं, इंजिन थांबल्याचं त्याला ऐकू आलं. लूम थांबला नाही. हिरवा पट्टा संपला आणि पुढचा धागा काळा होता. बारीक, लांब, तेलाने चमकणारा.

फोनवर ती हळूच "आई गं" म्हणाली. सीटच्या मागे कशाततरी केस अडकलेत, म्हणाली, मान वळवता येत नाही.

प्रितेशने कात्री काढून कापडाला लावली. पाती नुसती टेकली आणि फोनवर क्षितिजा अशी कळवळली की कात्री त्याच्या हातातून पायाशी पडली. कापड कापायची वेळ श्रावणात होती. दुसरा काळा धागा पडला. त्याच्या डोळ्यांसमोर घरच्या भिंतीवरचा फोटो आला, आणि त्यात तो एकटाच नवरदेवाच्या वेषात उभा होता. बाबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, कोण क्षितिजा? तिची आई न्हाणीत पडून होती, तिलाही ठाऊक नसतं की आपल्याला एक मुलगी होती आणि ती निघाली होती. एकट्या प्रितेशला सगळं आठवलं असतं. आयुष्यभर.

धोटा या टोकाला आला तसा त्याने तो झडप घालून धरला. तो गरम होता, आत्ताच कुणीतरी हातातून खाली ठेवावा तसा. आत धाग्याची कांडी नव्हती, नुसता काळा केस बाहेर येत होता. प्रितेशने तो दातांनी तोडला. धोटा त्याच्या मुठीत धडपडू लागला. लूमला आडवा धागा हवा होता, कुणाचाही. आपल्या निळ्या शर्टाच्या बाहीचा धागा त्याने उसवून काढला आणि लहानपणी बापाने शिकवलेली विणकराची गाठ मारली. बोटांना ती अजून येत होती. त्याने धोटा सोडला.

खट्. निळा.

"सुटले," क्षितिजा म्हणाली. "सुटले रे. काय झालं होतं देव जाणे."

"गाडीतून उतर. चावी तिथंच राहू दे. बसने जा आईकडं."

दार उघडल्याचा, मग लागल्याचा आवाज आला. उतरले, असं तिने सांगितलं आणि प्रितेशला रडू फुटलं. माझं चुकलं, तो म्हणाला, मी तुला सांगायला पाहिजे होतं, घरी आलीस की सगळं सांगतो, गाडी उद्याच काढून टाकू. तो पुष्कळ बोलला. निळी पट्टी बोटभर झाली.

"हॅलो?" ती म्हणाली.

"बोल ना."

"कोण बोलतंय?"

त्याने नाव सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. कुणा अनोळखी माणसाचा चुकून लागलेला फोन असावा तशा सभ्य, जरा घाईच्या आवाजात ती म्हणाली, "तुम्हाला कोण पाहिजे?"

तिने फोन कानापासून काढला, पण तो बंद झाला नव्हता. तिने नाक्यावरच्या कुणाला तरी विचारलं की दादा, ही गाडी कुणाची हो, मी हिच्यापाशी का उभी आहे? तो माणूस काहीतरी बोलून हसला. मग एसटी आली. गणेशपुरी ना, असं तिने विचारलं, कंडक्टरने बसा म्हटलं, घंटी वाजली. एसटीचा आवाज लांब जाईपर्यंत प्रितेशने फोन कानाला धरून ठेवला.

बाही कोपरापर्यंत उसवली होती. कात्री पायाशीच पडली होती. ती उचलून धागा तोडला असता तर लूमला पुन्हा धागा लागला असता, आणि तो क्षितिजाकडे शोधायचा हे लूमला आता माहीत होतं. प्रितेशने कात्री पायाने लांब सरकवली आणि तो लख्ख जागेवर दोन्ही पाय नीट रोवून उभा राहिला.